रस्त्याच्या अलीकडचा संपत्तीकर, रस्त्याच्या पलीकडचा संपत्तीकर

वेशीवरचा (धागाकर्ता) · रविवार, सकाळी ९.४०

राम राम मंडळी. पोहे-जलेबी आटोपली असेल तर एक प्रश्न विचारतो.

आमचं घर इंदूरच्या वेशीवर आहे, अगदी शब्दशः. समोरचा रस्ता ओलांडला की इंदूर नगर निगम, अलीकडे आमची नगर परिषद. (राऊ, बेटमा, हातोद, सांवेर, महूगाव अशा जिल्ह्यात बऱ्याच आहेत, त्यातली कोणती ते विचारू नका. गाव लहान आहे आणि मला तिथेच राहायचंय.) पलीकडे पिवळी कचरागाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते. आमच्याकडे ट्रॅक्टर येतो, तोही त्याच्या मनात आलं तर. पलीकडे नळाला नर्मदा, अलीकडे बोअर, आणि एप्रिल लागला की टँकर. आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना टँकरवाल्याचा नंबर तोंडपाठ आहे, स्वतःच्या सासऱ्यांचा नाही.

परवा चिडून परिषदेत गेलो. सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी) साहेब भला माणूस, चहा पाजला. म्हणाले, पैसाच नाही. मी म्हटलं, मग कर वाढवा, आम्ही भरू. तर म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्या हातात किती आहे? कायदा भोपाळचा, आम्ही फक्त पावती फाडतो."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. घरं गावातली, कर गावाचा, मग कायदा भोपाळचा कशाला? आणि या कायद्यामुळे मोठ्या शहराला चिकटलेल्या लहान गावांचं खरंच नुकसान होतं, की गावंच आळशी?

शेवपरमल · ९.५२

आधी हे सांगा, भरता किती?

वेशीवरचा · ९.५५

सगळं धरून दोन हजारांच्या आत.

शेवपरमल · ९.५६

महिन्याला?

वेशीवरचा · ९.५७

वर्षाला.

शेवपरमल · ९.५७

भिया, तेवढ्यात सराफ्याच्या खाऊगल्लीत घरचे सगळे पोटभर खाऊन येत नाहीत आणि तुम्हाला पाऊणशे किलोमीटरवरून नर्मदा पाहिजे.

निवृत्त_लेखापाल · ११.२०

शेवपरमल यांचा विनोद बरोबर जागी लागला, पण दोष धागाकर्त्याचा नाही. मध्य प्रदेशातल्या चार नगरपालिकांची खाती लिहून निवृत्त झालो आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

घटनेत जमीन आणि इमारतींवरचा कर राज्याच्या यादीत आहे, नोंद ४९. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांना १८ कामं लिहून दिली. कामं दिली, कर दिले नाहीत. करांसाठी कलम २४३-एक्स आहे, त्यात भाषा अशी की राज्याचं विधानमंडळ पालिकेला कर लावण्याचा अधिकार देऊ 'शकेल'. तो 'शकेल' म्हणजे तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर.

आपल्या राज्याने तो अधिकार दोन कायद्यांतून दिला. निगमांसाठी १९५६ चा, नगरपालिका आणि नगर परिषदांसाठी १९६१ चा. त्यात घराचं वार्षिक भाडेमूल्य काढायचं आणि त्यावर ६ ते १० टक्के कर लावायचा. ६ च्या खाली जायचं नाही, १० च्या वर जायचं नाही. शिवाय मालक स्वतः राहत असेल तर कर निम्मा.

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा हजार चौरस फुटांचं घर, परिषदेने त्या झोनला वर्षाला चौरस फुटामागे २० रुपये धरले. भाडेमूल्य २०,००० रुपये. सहा टक्क्यांनी १,२०० रुपये, मालक राहतो म्हणून निम्मे, ६०० रुपये. आता परिषदेत सिंह निवडून आले आणि त्यांनी दर थेट १० टक्के केला. २,००० रुपये, निम्मे १,०००. म्हणजे सगळी राजकीय हिंमत पणाला लावून घरामागे जास्तीचे किती मिळाले? ४०० रुपये. अशी तीन हजार घरं असली तर वर्षाला १२ लाख, महिन्याला एक लाख. त्यात दहा-बारा सफाई कामगार ठेवा किंवा एक ट्रॅक्टर नीट चालवा. दोन्ही नाही.

आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण टक्के आणि निम्मी सूट कायद्यातली आहे. सीएमओ खोटं बोलले नाहीत.

जाता जाता, वेशीवरचे, राग मानू नका. आपल्या पावतीवर क्षेत्रफळ किती लिहिलंय?

जिरावण · ११.३१

लेखापाल काकांचा शेवटचा प्रश्न म्हणजे जेवण झाल्यावर हळूच आणलेलं बिल.

माळव्याची_लेक · १२.०५

काका, गणित पटलं, निष्कर्ष अर्धाच पटला. चौरस फुटाचा तो २० रुपयांचा दर ठरवतं कोण? परिषद. झोन कोण पाडतं? परिषद. सहा-दहाची भिंत भोपाळने बांधली हे मान्य, पण भिंतीच्या आत जी खोली आहे तीही कुणी वापरत नाही. वर्षानुवर्षं तोच दर, आणि निवडणुकीचं वर्ष असेल तर विषयच पटलावर नाही.

दोन वर्षं मी एका लहान गावात घरोघरी मालमत्ता-सर्वेक्षणाचं काम केलंय. (गाव सांगणार नाही. एका घरात कुत्रं सोडलं होतं माझ्यावर, तेही सांगणार नाही.) आमच्या यादीत पाच घरांत एकही भाडेकरू नव्हता. सगळे मावसभाऊ. केरळचा मावसभाऊ, बिहारचा मावसभाऊ, पीथमपुरात कंपनीत लागलेले एकाच खोलीतले चार मावसभाऊ. कारण भाडेकरू म्हटलं की निम्मी सूट गेली.

शेवपरमल · १२.०९

आमच्या गल्लीत एका काकूंना नऊ मावसभाऊ आहेत. दर अकरा महिन्यांनी बदलतात.

कायदेकानून · १२.४८

ताईंनी नस पकडली. १९९७ च्या नियमांपासून आपल्याकडे स्वनिर्धारण आहे. मालकाने स्वतः फॉर्म भरायचा, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, आणि स्वतःच हिशेब करून कर भरायचा. त्याआधी मूल्यांकनाला माणूस घरी यायचा आणि पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मानाने सुधारणा मोठी होती. तपासणीत दहा टक्क्यांपर्यंत फरक निघाला तर सोडून देतात, त्याहून जास्त निघाला तर फरकाच्या पाचपट दंड.

पण तपासणार कोण? इंदूर निगमाकडे झोनवार कार्यालयं, मोठा कर्मचारीवर्ग. लहान परिषदेत राजस्वाचा (करवसुलीचा) एक माणूस, तोच पाण्याचं पाहतो, तोच निवडणुकीच्या ड्युटीवर, तोच जनगणनेला. नियम दोघांना सारखा, हात सारखे नाहीत. राज्याचा कायदा लहान गावाला कुठे मारतो, तर मला वाटतं इथे.

महूवाला · १.३०

तुम्ही सगळे भोपाळच्या नावाने बोटं मोडताय म्हणून सांगतो, आमच्या महूत भोपाळही नाही. छावणीचा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, कायदा २००६ चा, केंद्राचा. कर लावायचा तर मंजुरी दिल्लीची. शहराचं नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झालं, बाबासाहेबांचा जन्म इथला, १४ एप्रिल १८९१ चा. दर जयंतीला देशभरातून माणसं येतात. त्या गर्दीचं पाणी, सफाई, दिवे सगळं इथल्याच यंत्रणांवर.

आणि छावणीतली निम्म्याहून जास्त जमीन लष्कराची. केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा वा पालिकेचा कर लागत नाही, घटनेचं कलम २८५. फार तर सेवाशुल्क. ज्या गावात रेल्वे, टपाल, लष्कर यांच्या जागा जास्त, त्या गावाचा कर उरलेल्या घरांवरच.

मोरारकर · १.४४

ग्वाल्हेरहून दुजोरा. मोरार छावणी आणि निगम यांच्यामधल्या गल्लीत राहतो. रस्त्यावर खड्डा पडला की आधी तो कुणाचा खड्डा हे ठरतं.

जिरावण · १.४६

आणि ठरेपर्यंत त्यात कमळं येतात.

संपादक · १.५०

फुलांचे उल्लेख टाळावेत. धागा अराजकीय राहू द्या.

जिरावण · १.५१

अहो, खड्ड्यातलं खरंखुरं कमळ म्हणत होतो!! बरं, शेवाळ म्हणा.

बडोद्याची_मामी · ३.१५

सगळ्यांना नमस्कार. माहेर इंदूरचं, रामबागेतलं, सासर बडोद्याचं. आमच्याकडे याला वेरा म्हणतात, आणि तो भाड्याच्या अंदाजावर नाही, क्षेत्रफळावर असतो. चौरस मीटर गुणिले दर, मग जागा कुठली, इमारत किती जुनी, वापर काय, मालक राहतो की भाडेकरू, त्याचे गुणक. जून २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला ही सात गावं बडोदा महानगरपालिकेत घेतली. आम्ही त्यातल्याच एका गावात.

तेव्हा गावांत विरोध झाला होता. ग्रामपंचायतीचा वेरा थोडका, महानगराचा जास्त. माझे दीर तर म्हणायचे, वहिनी, शहर आपल्याकडे येतंय ते आपल्या जमिनीसाठी. मला मात्र बरं वाटलं. गावात दहा-दहा मजल्यांचे टॉवर उभे राहिले होते आणि सांडपाण्याचं पाहायला ग्रामपंचायत! बिल आधी येतं आणि पाईप मागून, हे कुठेही गेलात तरी तसंच. पण पाईप टाकण्याची ताकद असलेलं कुणीतरी आहे एवढं तरी झालं.

तेव्हा वेशीवरचे, तुम्ही इंदूर निगमात जायची मागणी का करत नाही?

वेशीवरचा · ३.४०

मामी, तेच तर. आमच्या गावात दोन गट आहेत. तरुण म्हणतात निगमात चला. जुने म्हणतात, तिथे पंच्याऐंशी वॉर्डांत आपला एक पार्षद, त्याला विचारतो कोण. इथे निदान अध्यक्ष भाजी घेताना भेटतो.

माळव्याची_लेक · ३.५५

आणि जुने अगदी चूक नाहीत. २०१४ च्या सुमारास २९ गावं इंदुरात घेतली, वॉर्ड ६९ चे ८५ झाले. माझी आत्या त्यातल्या एका गावात. ती म्हणते, आधी सरपंचाला शिव्या देता यायच्या, आता ॲपवर तक्रार नोंदवावी लागते, आणि ॲपला शिव्या लागत नाहीत.

पुणेकर_पण_सज्जन · ४.२०

आमच्याकडे स्वतः राहणाऱ्यांना ४० टक्के सवलत होती, ती मध्ये गेली, मग आंदोलनं होऊन २०२३ मध्ये परत आली, पण पीटी-३ फॉर्म भरा तर. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी. ती माफी मंत्रालयाने दिली, तिजोरी महापालिकेची. मुंबईला ते झेपतं. तीच माफी उद्या राज्यभर सगळ्यांना दिली तर लहान नगरपालिकांना टाळं लागेल.

शेवपरमल · ४.२२

पुणेकर आहेत आणि मुद्द्याचं बोललेत. संपादक, आयडी तपासा.

निवृत्त_लेखापाल · ५.१०

पुणेकरांच्या मुद्द्यावरून आपल्याकडची जुनी गोष्ट आठवली. भोपाळने दुसऱ्याच्या खिशातून उदार होण्याची सुरुवात आपल्याकडे चुंगीपासून, म्हणजे जकातीपासून झाली. पूर्वी गावाच्या नाक्यावर चुंगी वसूल व्हायची. नाक्यावर भ्रष्टाचार होता, ट्रक खोळंबायचे, सगळं खरं, पण पैसा रोज संध्याकाळी पेटीत पडायचा आणि पेटी पालिकेची असायची. १९७६ मध्ये राज्याने चुंगी बंद केली, प्रवेश कर आणला, आणि पालिकांना म्हणालं, तुमचं नुकसान आम्ही भरून देऊ. तीच चुंगी क्षतिपूर्ती. गुजरातने जकात २००७ मध्ये बंद केली, मामींना आठवत असेल, आपण तीस वर्षं आधी. २०१७ मध्ये जीएसटी आला, प्रवेश करही गेला, क्षतिपूर्ती उरली.

लहान परिषदेत पगार होतात ते त्याच रकमेतून. महिनाअखेर मी कॅशबुक उघडून बसायचो, चुंगी आली का? ती येते तीही कापून. पथदिव्यांचं आणि पंपांचं वीजबिल थकलं असेल तर तिकडच्या तिकडे वळतं करतात. एकदा आमच्याकडे जी रक्कम हातात आली ती पाहून अध्यक्ष म्हणाले, "हे तर माझ्या मुलीच्या लग्नातल्या आहेराएवढंही नाही."

आता माणसाचा स्वभाव बघा. पैसा वरून येणार असेल तर शेजाऱ्याच्या दारात वसुलीला कोण जाईल? वसुली केली तर मतं जातात, नाही केली तरी चुंगी येते. आळशी गाव आणि बांधून ठेवणारा कायदा, असे दोन वेगळे आरोपी धागाकर्त्याने उभे केलेत. मी म्हणेन एकाने दुसऱ्याला वाढवलं.

पश्चिमवारा · रात्री ९.३५

इथे आत्ता सकाळ आहे, कॅलिफोर्निया. वैशाली नगरातला मुलगा, वीस वर्षं सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा). धागा वाचून हसू येत होतं, कारण तुमचा सीएमओ आणि आमच्या छोट्या शहराचा मॅनेजर एकच वाक्य बोलतात.

इथे जून १९७८ मध्ये प्रपोझिशन १३ नावाचं मतदान झालं. घरांच्या किमती भडकल्या होत्या, त्याबरोबर कर वाढायचा, पेन्शनवर जगणारे म्हातारे घर विकायला निघाले. लोकांनी राज्यघटनेतच लिहून टाकलं की मालमत्ताकर किमतीच्या १ टक्क्याच्या वर नाही, ती किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, आणि घर विकलं जाईल तेव्हाच नवीन किंमत धरायची. परिणाम असा की भिंतीला भिंत लागून दोन सारखी घरं, शेजारच्या आजी १९७५ पासून राहतात, मी काही वर्षांपूर्वी घेतलं. मी त्यांच्या कित्येक पट कर भरतो. आजी केक आणून देतात, तो मी हिशेबात धरतो.

पण धाग्याच्या प्रश्नाशी जास्त लागतं ते पुढचं. तो एक टक्का जमा करते काउंटी, आणि तो काउंटी, शाळा, शहर यांत वाटायचा कसा हे राज्याने १९७९ च्या कायद्याने ठरवलं. कसं, तर १९७८ च्या आधी ज्याचा जितका हिस्सा होता, साधारण त्याच प्रमाणात. आता उपनगरातली लहान शहरं बघा. १९५४ मध्ये लेकवुड शहराने एक पद्धत काढली होती, पोलीस आपले ठेवायचे नाहीत, काउंटीच्या शेरिफकडून ठरावीक पैशात घ्यायचे. कमी खर्च, कमी कर. पुष्कळ नवीन शहरांनी तेच केलं. काटकसरीने राहिली, कर जवळपास लावलाच नाही. आणि १९७८ ला घड्याळ थांबलं! ज्याचा हिस्सा त्या दिवशी नगण्य, त्याचा कायमचा नगण्य. क्युपर्टिनो, साराटोगा यांच्यासारखी शहरं त्यातली. पुढे राज्याने अशा शहरांसाठी मालमत्ताकरातल्या ७ टक्के हिश्श्याचा टेकू दिला, तोही आमच्या काउंटीतल्या शहरांना वर्षानुवर्षं पुरता मिळाला नाही.

मग शहरं जगतात कशावर? विक्रीकराचा एक हिस्सा दुकान जिथे असेल त्या शहराला मिळतो. म्हणून रिकामी जमीन दिसली की शहराला घरं नको असतात, मॉल हवा असतो, त्याहून चांगलं म्हणजे मोटारींचं शोरूम. एक कुटुंब आलं की रस्ता, अग्निशमन सगळं द्या, हातात कर चिमूटभर. घरांची टंचाई का आहे याची कारणं दहा असतील, हे त्यातलं एक.

शेवपरमल · ९.४८

म्हणजे ॲपल ज्या गावात आहे त्या गावाचं दुखणं आणि वेशीवरच्या भियांच्या गावाचं दुखणं एकच? आज बरं वाटलं.

कायदेकानून · १०.१५

पश्चिमवारा, तुमचा शोरूमचा किस्सा आपल्याकडे कॉलोनीच्या रूपात आहे. इथे लहान परिषदेला जुन्या घरांमधून काही मिळत नाही, पण नवीन कॉलोनी मंजूर झाली की विकास शुल्क, भवन अनुज्ञेचं (बांधकाम परवानगीचं) शुल्क, गरिबांसाठी जागा सोडली नाही तर आश्रय निधी, शिवाय रजिस्ट्री झाली की मुद्रांकातला पालिकेच्या नावाचा वाटा वरून फिरून येतो. सगळे पैसे एकदाच येणारे. म्हणून शेत दिसलं की प्लॉट पाडा. तुमच्याकडे घरं नकोत म्हणून टंचाई, आमच्याकडे प्लॉट हवेत म्हणून पूर. पाच वर्षांनी त्या कॉलोनीत नाली तुंबते तेव्हा कॉलोनायझर निघून गेलेला असतो, हस्तांतरण कागदावर अडकलेलं असतं, आणि परिषद तेव्हाचे पैसे पगारात खाऊन बसलेली असते. २०२१ मध्ये कॉलोनी विकासाचे नवे नियम आले, अवैध कॉलोन्या नियमित करायची वाट निघाली. तीही रहिवाशांच्याच खिशातून जाते.

आणि माळव्याच्या लेकीला एक उत्तर द्यायचं राहिलं. दर वर्षानुवर्षं तेच, हे आता तितकंसं खरं नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात केंद्राने राज्यांना जास्त कर्ज काढायची मुभा दिली, त्यातला एक तुकडा पालिका सुधारणांशी बांधला. अट अशी की मालमत्ताकराचा किमान दर जमिनीच्या सरकारी दराशी जोडा. मध्य प्रदेश आणि आंध्र हे करणारी पहिली दोन राज्यं. म्हणून आता भाडेमूल्य कलेक्टर गाइडलाइनशी, म्हणजे त्या सरकारी दराशी जोडलंय. पंधराव्या वित्त आयोगानेही पुढच्या अनुदानाला तसंच कलम लावलं. म्हणजे कर वाढवायचा निर्णय आता भोपाळचाही राहिला नाही, दिल्लीने भोपाळचा कान धरला आणि भोपाळने परिषदेचा.

माळव्याची_लेक · १०.३०

पण याने वेशीवरच्या गावांचं चांगलंच होईल ना? त्यांच्याकडे गाइडलाइन तर सुसाट पळतेय. बायपासच्या पलीकडची शेतं सोन्याच्या भावाने जातात.

कायदेकानून · १०.३८

कागदावर हो. पण गाइडलाइन पळते ती प्लॉटच्या सट्ट्याने, आणि कर भरायचा आहे त्या मास्तरांना ज्यांनी १९९० साली तिथे घर बांधलं. पश्चिमवारांच्या आजी आणि आपले मास्तर एकच. तिकडे आजींना वाचवलं म्हणून शहर उपाशी राहिलं. इकडे निम्मी सूट आणि दहा टक्क्यांची भिंत आहे म्हणून मास्तर अजून तिथे आहेत. लेखापाल काका म्हणतात भिंत वाईट. मी तितकं म्हणणार नाही.

निवृत्त_लेखापाल · सोमवार, सकाळी ७.०५

वकीलसाहेब, रात्रभर विचार केला. मास्तरांचं म्हणणं मान्य. मी त्या भिंतीच्या आत नोकरी केली, म्हणून मला फक्त भिंत दिसते. पण मग मास्तरांची सूट राज्याने स्वतःच्या तिजोरीतून भरावी. सूट देणार भोपाळ आणि उपाशी राहणार परिषद, हा कुठला हिशेब? कॅशबुकात याला एका खात्याचा खर्च दुसऱ्याच्या नावे टाकणं म्हणतात. माझ्या हातून असं झालं असतं तर ऑडिटने पेन्शन अडवली असती.

जिरावण · ७.२०

आणि लोक अदालत विसरला काका. प्रामाणिक माणूस वेळेवर भरतो, दुसरा पाच वर्षं थांबतो. पन्नास हजारांपर्यंत थकबाकी असेल तर अधिभार शंभर टक्के माफ, लाखापर्यंत पन्नास टक्के, त्यावर पंचवीस. आमचे एक शेजारी लोक अदालतीच्या तारखा तुळशीच्या लग्नासारख्या कॅलेंडरवर लाल करून ठेवतात.

बडोद्याची_मामी · ८.०२

आमच्याकडे उलट, आगाऊ भरणाऱ्याला सूट. माझे दीर, तेच विरोध करणारे, आता पहिल्या आठवड्यात भरतात आणि पावती सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात.

महूवाला · ८.४०

धागाकर्ते कुठे गेले? काल दुपारनंतर गप्प.

वेशीवरचा · संध्याकाळी ७.५०

आहे मंडळी. आज पुन्हा परिषदेत गेलो होतो. लेखापाल काकांचा पहिल्या दिवशीचा तो प्रश्न पोटात सलत होता. घरी वडिलांच्या फायली उपसल्या. स्वनिर्धारणाचा फॉर्म सापडला, १९९८ चा, वडिलांच्या अक्षरातला, खाली ठळक सही. तळमजला, ६२० चौरस फूट, पत्र्याचं छत, स्वतः राहतो.

पत्रा २००६ मध्ये गेला आणि स्लॅब पडला. वरचा मजला २०११ चा. फॉर्म तोच. वडील गेल्यावर नामांतरण केलं तेव्हाही कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं सांगतो, लक्षातच नव्हतं. बरं, थोडंसं लक्षात होतं.

तर पत्र्याच्या घरात राहणारा मी, वरच्या मजल्यावर कुणीही न राहणारे भाडेकरू, आणि आम्ही सगळे नर्मदेची वाट पाहतोय.

राजस्वाच्या एकुलत्या एका माणसाला विचारलं, आता काय करू. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, म्हणाला, "दादा, नवीन फॉर्म भरा. स्वतःहून येणारे तुम्हीच पहिले, मला प्रक्रिया बघावी लागेल." पाचपट दंड लागेल की नाही तेही तो बघून सांगणार आहे. कायदेकानून, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय, फी सांगा.

कायदेकानून · ७.५८

फी नको, टँकर पाठवा. फॉर्म भरताना बांधकामाची वर्षं खरी लिहा, वरच्या मजल्याचा वापर वेगळ्या ओळीत दाखवा. खालच्या मजल्याची निम्मी सूट तुमची राहील, वरच्याची जाईल. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

निवृत्त_लेखापाल · ८.१०

शाब्बास. माझ्या नोकरीत असे तीन जण पाहिले. त्यातल्या एकाला नंतर आम्ही वसुली समितीवर घेतलं.

माळव्याची_लेक · ८.१४

भाऊ, कर किती होईल नवीन?

वेशीवरचा · ८.२२

अंदाजे चारपट. साडेसात हजारांच्या आसपास. बायको म्हणते, भाडं वाढवा. वरच्यांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, काका, एवढ्या वर्षांत तुम्ही आम्हाला मावसभाऊ केलं असतं तर बरं झालं असतं.

शेवपरमल · ८.२४

मंगळवारी ट्रॅक्टर आला की फोटो टाका.

वेशीवरचा · बुधवार, सकाळी ८.०५

नाही आला.